बर्फावर नेण्याची पँट: सोलापुरातून निघण्याआधी काय काय बघायचं

गड्ड्याची जत्रा आटोपली की सोलापुरातून गुलमर्ग, औली किंवा सोलंगला निघणाऱ्यांच्या बॅगा भरायला लागतात. थंडी म्हटलं की आपल्याला आधी चादर आठवते, त्यामुळे स्कीची पँट घेतानाही हात जाडीकडेच जातो. दाबून बघायचं, जाड लागली की घ्यायची. फसगत होते ती इथे. नवशिका माणूस बर्फावर जेवढा वेळ उभा असतो, जवळपास तेवढाच वेळ बसलेला नाहीतर पडलेला असतो. अंगाच्या उबेने सीटखालचा बर्फ वितळतो, पाणी शिवणीतून आत शिरतं, आणि मग आतलं जाड अस्तर भिजलेल्या गादीसारखं जड आणि गार होऊन बसतं. म्हणून आधी पाणी बघा, मग वारा, आणि जाडी सगळ्यात शेवटी.

लेबलवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये, बहुतेक 5,000, 10,000 किंवा 20,000. 10,000 म्हणजे कापडावर 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही. हा दाब एका चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो भरतो. आता एक गुडघा टेकून बूट आवळताना काय होतं ते बघा: 50 चौरस सेंटिमीटरवर 50 किलो भार आला की दाब नेमका तेवढाच होतो. त्यामुळे शिकायला जाणाऱ्याने 10,000 च्या खाली जाऊ नये. स्नोबोर्डवाल्याला, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधून घसरणाऱ्याला, पट्टे बांधायला दर फेरीला बर्फात बसावं लागतं, त्याने 15,000 ते 20,000 चीच घ्यावी. 5,000 ची पँट तासभर बर्फात खेळून फोटो काढणाऱ्यांसाठी ठीक. दुसरा आकडा घामाची वाफ किती बाहेर जाते त्याचा, चौरस मीटरला 24 तासांत किती ग्रॅम असा. तोही 10,000 च्या आसपास असावा. प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत सारखी नसते, तेव्हा 10 हजार की 12 हजार यावर डोकं शिणवू नका. आकडाच नसेल आणि नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असेल, तर ती पँट पाणी घटकाभर थोपवते इतकंच समजा.

मग पँट उलटी करा. प्रत्येक शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी दिसली पाहिजे. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती, आणि ती भोकं ही टेपच बुजवते. काही पँटींना फक्त मुख्य शिवणींवर टेप असते, काहींना सगळ्या शिवणींवर. पहिली चालेल, पण सीटची मधली शिवण आणि दोन पाय मिळतात तो सांधा टेपखाली असलाच पाहिजे. टेपची कड नखाने हलकेच उचलून बघा. सुटत असेल तर पँट परत ठेवा, मग कितीही सवलत असो. कोणाची जुनी पँट मागून नेणार असाल तर आतल्या थराकडे नीट बघा. आपल्या पत्र्याखालच्या माळ्यावर दोनचार उन्हाळे काढलेल्या पँटीचा आतला थर चिकट होतो, त्याचे पांढरट पापुद्रे निघतात. असा थर पुन्हा बसवता येत नाही.

घरी एक परीक्षा घ्या (टॅग तोडण्याआधी दुकानाचा परतीचा नियम विचारून ठेवा). सोलापुरी टर्किश टॉवेल भिजवून, न पिळता, चौघडी करून बाथरूमच्या फरशीवर पसरा. आत फिकट रंगाची सुती चड्डी घाला, कारण सुतावर ओल लगेच दिसते. वरून स्कीची पँट चढवून टॉवेलवर 15 मिनिटं बसा, मग एकेक गुडघा 2 मिनिटं टेका. हे सकाळी लवकर करा, दुपारी केलं तर घामाने चड्डी ओली होईल आणि उगाच पँटीवर आळ येईल. तरी फरक ओळखता येतो: घामाची ओल सगळीकडे पसरट असते, गळतीची शिवणीच्या रेषेत उमटते.

गाडीवर वापरायची रेनकोटची पँट नेली तर काय, हा प्रश्न हमखास येतो. ती पाणी अडवते, पण वाफही कोंडते, त्यामुळे माणूस आतून भिजतो. शिवाय प्लॅस्टिक थंडीत ताठर होऊन गुडघ्यात चिरतं, आणि कापड इतकं गुळगुळीत असतं की उतारावर पडल्यावर माणूस थांबतच नाही. जीन्सचं नावही काढू नका. सूत पाणी धरून ठेवतं, धाग्यांमधली हवा जाते आणि ऊब त्याच पाण्यावाटे निघून जाते. सोलापूरच्या उन्हात याच गुणासाठी आपण सूत घालतो. बर्फावर तोच गुण अंगाशी येतो. आतला थर पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर्मल असू द्या, सुती लेगिंग्ज नकोत.

जाडीचा हिशोब असा. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे, आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा 3,950 मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे खालून वर गेलं की 8 अंशांचा फरक आणि वर वारा वेगळाच. खालच्या सोप्या उतारावर शिकणाऱ्याला चौरस मीटरला 40 ते 60 ग्रॅम भरणाची पँट आणि आत एक पातळ थर्मल पुरतं. पडून उठण्यातच इतका घाम येतो की 100 ग्रॅमच्या पँटीत जीव नकोसा होतो. भरण नसलेली नुसती शेल घेतली तर आत दोन थर कमीजास्त करता येतात. थोडी महाग पडली तरी शेलच बरी, कारण दिवस कसा निघेल ते आधी सांगता येत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला जाळीवाली चेन असते, ती रांगेत उभं असताना उघडायची आणि उतरायला लागण्याआधी न चुकता लावायची. नाहीतर पडल्यावर जाळीतून मूठभर बर्फ आत येतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मोहरी. आत इलॅस्टिकची दुसरी मोहरी असते, तिला गेटर म्हणतात. खालच्या कडेला रबरी पट्टी असेल तर ती बूट पकडून ठेवते. हा गेटर बुटाच्या वरून, बाहेरून बसवायचा. आत खोचायचा नाही, थर्मलही खोचायचा नाही. स्कीच्या कडक बुटात फक्त एकच मोजा जातो. थर्मल पिंढरीवर, बुटाच्या वरच संपलं पाहिजे. बूट आवळल्यावर कापडाची एक चुणीही नडगीवर दाबत राहते, अर्ध्या दिवसात तिथे लाल वळ उठतो आणि दुसऱ्या दिवशी बूट चढवताना डोळ्यांत पाणी येतं. बाहेरच्या मोहरीच्या आतल्या बाजूला जाड कापडाचं ठिगळ हवं, कारण स्कीची लोखंडी धार दुसऱ्या पायाच्या मोहरीला घासून ती चिरते. स्नोबोर्डला हा त्रास कमी. तिथे सीट आणि गुडघे दुहेरी कापडाचे आहेत का ते बघायचं. स्कीचा बूट जाड असतो, मोहरी त्याच्यावरून सहज गेली पाहिजे. स्नोबोर्डचा बूट मऊ आणि आटोपशीर असतो.

मापाला हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणार असाल तर थर्मल बरोबर न्या आणि पँट त्यावरच घालून बघा. पूर्ण उकिडवं बसा, मग एक पाय खुर्चीवर ठेवा. मागे कंबर उघडी पडते का, मांडीत ओढ बसते का, ते कळेल. कमरेत दोन बोटं जावीत, वेल्क्रोने आवळता यावी. बूट घातल्यावर मोहरी टाचेखाली येता कामा नये. खांद्याच्या पट्ट्यांची, छातीपर्यंत येणारी बिब पँट गुलमर्गच्या खोल भुसभुशीत बर्फात फार कामाची, कमरेतून बर्फ शिरायची भीतीच राहत नाही. बायकांनी मागे किंवा बाजूला चेन असलेली बिब बघावी, नाहीतर दर वेळी जॅकेट उतरवावं लागतं. आणि आपला लाडका मळखाऊ रंग इथे सोडा. धुक्यात लाल, केशरी लांबून दिसतं.

लांबी जास्त झाली म्हणून लगेच शिंप्याकडे धावू नका. गणवेश शिवणारं गाव आपलं, कोणीही दहा मिनिटांत मोहरी दुमडून देईल, पण सुई गेली की भोक पडलं, आणि कापताना गेटर व ठिगळ दोन्ही हातचं जातं. आखूड मापाची दुसरी पँट मागवा. अगदीच नाइलाज असेल तर गेटर बाजूला धरून फक्त बाहेरची मोहरी तळाशी दुमडून घ्या. सीटच्या शिवणीला हात लावू द्यायचा नाही.

एकदाच जायचं असेल तर भाड्याची पँटही चालते. कोर्सला जाणार असाल तर साहित्यात कपडे धरलेत की फक्त स्की, बूट आणि काठ्या, हे फोनवर आधी विचारा. भाड्याच्या दुकानात तीन गोष्टी बघा: चेन, गेटरचं इलॅस्टिक आणि सीट. मांडीवर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक, कापड गडद होऊन पाणी शोषायला लागलं तर दुसरी मागा.

विकत घेतलेली पँट मळल्याशिवाय धुऊ नका, आणि धुवायचीच असेल तर नळाला पाणी येईल त्या दिवशी, कारण दोनदा खळबळावी लागते. साबणाचा अंश राहिला की कापड पाणी ओढतं. सॉफ्टनर अजिबात नको, पिळायचंही नाही, वाळवायची सावलीत. थेंब घरंगळायचे थांबले तर वर सुती फडकं टाकून अगदी कमी उष्णतेवर इस्त्री फिरवा, काम पुन्हा सुरू होतं. तरीही नाही झालं तर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारावा लागेल.

तिथे संध्याकाळी खोलीवर आल्यावर पँट बुखारीला, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीला, टेकवून ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. नायलॉन वितळतं आणि टेपचा गोंद सुटतो. बर्फ दाराबाहेरच झटका, खिसे आणि मांडीच्या चेन उघड्या ठेवा, गेटर उलटा बाहेर काढा, आणि मोहरी वर करून बुखारीपासून चार हात लांब टांगा. सकाळी आधी गेटरला हात लावून बघा, सगळ्यात शेवटी तोच वाळतो.