चूक दाखवून दिल्यानंतरचे काही दिवस

"मी पाप केलं" असं बायबलमधले दोन राजे म्हणाले, शौलही आणि दावीदही. शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट करायची देवाची आज्ञा असताना चांगली मेंढरं राखून ठेवल्याचा जाब शमुवेल संदेष्ट्याने विचारला, तेव्हा शौल आधी म्हणाला की लोकांनीच ठेवली, आणि तीही यज्ञासाठी. कबुली दिल्यावरही त्याची विनंती हीच, की वडीलजनांपुढे माझा मान राख (1 शमुवेल 15). दावीदाने आपला सैनिक उरीया याला मारवलं, त्याबद्दल नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, तेव्हाचं दावीदाचं उत्तर मूळ इब्रीत जेमतेम दोन शब्दांचं आहे. त्यात 'पण' नाही. शिकायचं आहे ते हा 'पण' गिळायला.

समजा, चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकांनी (धर्मगुरूंनी) बाजूला घेऊन सांगितलं, की गायनाच्या सरावात तुम्ही एका तरुणाला सगळ्यांदेखत टाकून बोललात. तिथे दोन वाक्यं पुरतात: "नेमकं काय झालं ते सांगा" आणि "विचार करून उद्या बोलतो." थकवा, चांगला हेतू, त्या मुलाचा स्वभाव, यातलं काही काढू नका. सबब खरी असली तरी त्या क्षणी तिची ढालच होते. कान तापतील, छाती धडधडेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. जपायचं ते घरी जाताना, मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागतो तेव्हा.

रात्री वहीत एकच वाक्य लिहा, कर्त्यासकट: "मी त्याला चारचौघांत मूर्ख म्हटलं." मराठी इथे फार सोयीची भाषा आहे. "ओघात बोललं गेलं" म्हटलं की बोलणारा पसार! मग दावीदाच्या याच कबुलीचं स्तोत्र 51 वाचा. पहिल्या तीनच वचनांत 'माझे अपराध', 'माझा दोष', 'माझे पाप' किती वेळा येतं ते मोजा. आरोपातला काही भाग खोटा असेल तर तो वेगळा लिहा आणि शांतपणे एकदाच सांगा. न केलेलं कबूल करणं ही नम्रता नव्हे, खोटं बोलणं आहे. मात्र खऱ्या भागाची माफी आधी, खुलासा नंतर.

माफीला उशीर नको. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशू सांगतो (मत्तय 5:23-24). म्हणून पुढच्या प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी, जा. अपमान सगळ्यांसमोर केला असेल तर माफीही त्याच सरावात, त्याच लोकांसमोर मागा. व्हॉट्सॲपवर उरकू नका. "तुला वाईट वाटलं असेल तर" हा 'तर' चूक पुन्हा त्याच्याच पदरात टाकतो. "माफ केलंस ना?" असंही विचारू नका, त्याला वेळ लागेल.

पैशाची चूक असेल तर शब्द पुरत नाहीत. लेवीय 6 मध्ये मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलं आहे, म्हणजे 500 रुपयांचे 600. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेल्याचे चौपट देऊ केले. गंमत म्हणजे नाथानाने आधी सांगितलेल्या गोष्टीत श्रीमंताने गरिबाची मेंढी हिरावली होती, तिच्यासाठी दावीदानेही चौपटच ठरवलं होतं, आपलाच निवाडा चालला आहे हे कळण्याआधी. मारहाण, मुलांचा छळ किंवा अफरातफर असेल तर मंडळीत समेट झाला म्हणून पोलिसांत जाणं टाळता येत नाही.

दोन ठिकाणी चांगली माणसंही घसरतात. एक, लगेच गायनमंडळ सोडणं. दिसायला नम्र, पण पुष्कळदा तो रुसवा असतो. दुसरं, स्वतःच्या चुकीची साक्ष इतकी रंगवून देणं, की शेवटी लोक कौतुक करतात.

ज्यांनी चूक दाखवली त्यांच्याशी अबोला धरू नका. अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांसमोर सुनावलं (गलती 2:11-14), आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तोच पौल 'प्रिय बंधू' आहे (3:15). महिनाभराने पाळकांकडे स्वतः जाऊन विचारा: "सरावात माझं बोलणं आता कसं असतं?" उत्तर काहीही आलं, तरी वही उघडून त्याच पानावर खाली लिहा.