कमी गुळात रताळ्याच्या भाजक्या फोडी

महाशिवरात्रीला आमच्याकडे रताळ्याच्या फोडी व्हायच्या, त्या पाकात पोहणाऱ्या. अर्धा किलो रताळ्यांना वाटीभर गूळ! आता मी तेवढ्यांनाच दोन छोटे चमचे घालते आणि वरून गूळ कोणी मागत नाही.

सगळी मेख सावकाश भाजण्यात आहे. रताळ्यात अमायलेझ नावाचं विकर असतं. रताळं शिजू लागलं की ते पिठूळपणाचं माल्टोज साखरेत रूपांतर करतं. हे काम साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान जोरात चालतं. कुकरमध्ये ती पायरी काही मिनिटांत ओलांडली जाते. ओव्हनमध्ये ती लांबवता येते.

मध्यम, सारख्या जाडीची रताळी घ्या. बारीक भोकं पडलेलं, किडकं रताळं कडू लागतं, ते नकोच. माती चोळून धुवा, पुसा, सालासकट काट्याने चार-पाच ठिकाणी टोचा.

ओव्हन आधी तापवू नका. रताळी ट्रेमध्ये ठेवून 130 अंशांवर पाऊण तास ठेवा, मग 200 अंशांवर 20 ते 30 मिनिटं. टोचलेल्या जागी चिकट पाक सुटून करपल्यासारखा दिसू लागला की समजा, झालं. सुरी सहज आत जायला हवी, पण लगदा होऊ देऊ नका.

दहा मिनिटं निवू द्या. गरम असतानाच कापलीत तर फोडी मोडतात. साल काढून बोटभर जाड फोडी करा. चमचाभर तुपात दोन छोटे चमचे किसलेला गूळ, वेलची, किंचित जायफळ आणि चिमूटभर सैंधव कोमट करून फोडींवर हलक्या हाताने लावा. मीठ विसरू नका, त्यानेच गोडी उठून दिसते. पुन्हा 200 अंशांवर दहा मिनिटं ठेवा, कडा तांबूस होतात. वरून लिंबाचे चार थेंब आणि ओलं खोबरं.

घरात मधुमेह असेल तर एक गोष्ट मनापासून सांगते: वरचा गूळ कमी झाला, रताळ्यातली साखर नाही. भाजलेलं रताळं उकडलेल्यापेक्षा रक्तातली साखर लवकर वाढवतं. अशांसाठी रताळं उकडावं आणि दोन-चार फोडींवर थांबावं.

उपवासाला वरईचा भात आणि दाण्याच्या आमटीशेजारी या फोडी वाढा. एरवी घट्ट दह्याबरोबर.