कॉर्डलेस ड्रिल घेताना आधी बॅटरी बघा
मशीन नंतर, आधी बॅटरी ठरवा. पुढची हत्यारंही तिच्यावरच चालवायची असतात, आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. घरात कपाटाच्या बिजागऱ्या, फर्निचरचे स्क्रू एवढंच असेल तर १२ व्होल्ट पुरे. रोजच्या धंद्याला १८ व्होल्ट, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर आणि किमान दोन बॅटऱ्या. खोक्यावरच्या ‘२० व्होल्ट मॅक्स’ला भुलू नका: आत ३.६ व्होल्टचे तेच पाच सेल, म्हणजे १८ व्होल्टच, फुल चार्जला लोड नसताना २० दिसतात इतकंच. काँक्रीटला साधं ड्रिल लावलं तर बिट नुसतं तापतं, भोक काही पडत नाही. तिथे एसडीएस रोटरी हॅमर, म्हणजे फिरवताना बिटला जोरदार ठोकेही देणारं मशीन हवं. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, सेल लवकर बाद होतात.