हे गाणं मुळात कशासाठी बांधलं? संगीतसंग्रह लावण्याची पद्धत

हार्ड डिस्कवर हजारभर गाणी आणि फोल्डर दोनच: ‘मराठी’ आणि ‘हिंदी’. हवं ते वेळेवर सापडत नाही ते यामुळेच. गायक आणि राग नंतर बघा. आधी एक तक्ता उघडा आणि पहिल्या रकान्याला नाव द्या, ‘मूळ माध्यम’: सिनेमा, नाटक, आकाशवाणी, मालिका, जाहिरात. नुसत्या रेकॉर्डसाठी केलेलं भावगीत वेगळं ठेवा.

गीतरामायण सर्रास भक्तिगीतांत टाकलं जातं, ते मला फार खटकतं. माडगूळकर-फडक्यांची ती ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी, आठवड्याला एक अशी झाली. एकातून पुढची कथा उलगडते. म्हणून कप्पा आकाशवाणीचा, आणि प्रत्येक गीताला क्रमांक हवाच.

मग वर्ष आणि संगीतकार. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. २०१५ च्या चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय. ‘घेई छंद मकरंद’ दोन्हीकडे आहे, म्हणून त्याच्या दोन नोंदी करा आणि चित्रपटाच्या नोंदीत ‘मूळ: नाटक’ लिहा. ‘सूर निरागस हो’ चित्रपटासाठीच झालं, त्याला एकच नोंद पुरते.

खरी गंमत यापुढच्या रकान्यात आहे: संगीताची दृश्यातली जागा. यासाठी सिनेमा लावून बसावंच लागतं. पात्राच्या खोलीत रेडिओ वाजतोय, त्याने कान पिळून तो बंद केला आणि सूर थांबले, तर ते दृश्यातलं संगीत. रेडिओ बंद होऊनही सूर चालूच राहिले, तर पार्श्वसंगीत. देवळातल्या भजनाखाली हळूच व्हायोलिनं शिरली, तर दोन्ही लिहा. शांतारामबापूंचा १९३७ चा ‘कुंकू’ यासाठी मुद्दाम बघा. त्यात पार्श्वसंगीत टाळलंय, जे ऐकू येतं ते पात्रांच्या जगातूनच येतं. ती शांतता एकदा ऐकली की हा फरक कानात बसतो.

श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा. गाण्यांचा संगीतकार एक आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं, असं पुष्कळदा असतं. शीर्षकगीतं आणि जिंगल्स सोपी: मालिकेचं किंवा वस्तूचं नाव घातलं की झालं.

जुन्या सिनेमांचं पार्श्वसंगीत बहुधा रेकॉर्डवर आलेलंच नसतं. ते सिनेमातूनच टिपावं लागतं, तेव्हा नावाऐवजी प्रसंग आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा.