एप्सिलॉन-डेल्टा: डेल्टा नेमका कसा शोधायचा

सीमा (limit) म्हणजे 'क्ष हळूहळू अ च्या जवळ जातो' हे स्पष्टीकरण आधी डोक्यातून काढून टाका. सीमेच्या व्याख्येत काहीच कुठे जात नाही. ही गतीची भाषा बाजूला सारून जर्मन गणिती वायरस्ट्रासने एकोणिसाव्या शतकात नुसत्या असमानतांवर सीमा उभी केली, ती उगाच नाही. समोरचा एप्सिलॉन देतो, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते सांगतो. त्याला पुरेल असा डेल्टा, म्हणजे क्ष हा अ पासून किती अंतराच्या आत ठेवायचा ते, आपण द्यायचं. एप्सिलॉन आपण निवडायचा नाही. तो कोणताही धन असू शकतो.

क्ष² ची ३ पाशी सीमा ९ आहे, हे सिद्ध करू.

हवं ते लिहा: |क्ष² − ९| < एप्सिलॉन. अवयव पाडा: |क्ष − ३| × |क्ष + ३|. पहिला अवयव डेल्टापेक्षा लहान ठेवणं आपल्या हातात आहे.

खरी अडचण दुसऱ्या अवयवाची. इथे बरेच जण सरळ भागाकार करतात आणि 'डेल्टा = एप्सिलॉन / |क्ष + ३|' लिहून मोकळे होतात. हे साफ चूक आहे, आणि असं लिहिलेल्या नोट्स मी कितीतरी पाहिल्या आहेत. डेल्टा ठरतो तेव्हा क्ष अजून आलेलाच नसतो. तो नंतर, डेल्टाने आखलेल्या पट्ट्यातून येतो. डेल्टात एप्सिलॉन चालेल, ३ चालेल, क्ष मुळीच चालणार नाही. तुमच्या डेल्टात क्ष दिसला, तर पुढे एक ओळही लिहू नका.

मग करायचं काय? ३ पासून १ पेक्षा जास्त लांब जायचं नाही, असं आधीच ठरवून टाका. म्हणजे क्ष २ आणि ४ च्या मध्ये राहतो आणि |क्ष + ३| नेहमी ७ पेक्षा कमी. आता |क्ष − ३| हे एप्सिलॉन / ७ पेक्षा लहान असलं की काम झालं. म्हणून डेल्टा = १ आणि एप्सिलॉन / ७ यांतली लहान संख्या.

'लहान संख्या' हे शब्द गाळू नका. एप्सिलॉन ७० असेल तर एप्सिलॉन / ७ म्हणजे १०. फक्त तेवढंच धरलं तर क्ष = १२ चालायला हवा; पण १४४ − ९ = १३५, ७० च्या कितीतरी पुढे. १ ची अट मोडली की ७ हा आकडाच खोटा ठरतो.

हे सगळं कच्चं काम. पक्की सिद्धता उलट्या क्रमाने लिहा: एप्सिलॉन दिला, डेल्टा घेतला, ० < |क्ष − ३| < डेल्टा मानलं, असमानता मिळाली.

आणि १ हा आकडा दरवेळी डोळे झाकून घेऊ नका. १/क्ष ची १/२ पाशी सीमा २ दाखवताना १ घेतलात तर पट्ट्यात शून्य येतं आणि १/क्ष ला कुठलीच मर्यादा उरत नाही. तिथे १/४ घ्या. मग क्ष १/४ पेक्षा मोठा राहतो आणि |१/क्ष − २| = २|क्ष − १/२| / |क्ष| हे ८|क्ष − १/२| च्या पुढे जात नाही. म्हणून डेल्टा १/४ आणि एप्सिलॉन / ८ यांतला लहान येतो.