लकव्याच्या पेशंटला ‘केव्हापासून?’ विचारू नका

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत पोस्टिंग लागते तेव्हा गुठळी विरघळवणारी सुई देण्याची साडेचार तासांची मुदत म्हणजे विंडो, सीटी, सुईआधी १८५/११० च्या खाली हवा तो बीपी हे सगळं पाठ असतंच. चुकतं ते घड्याळ कुठून लावायचं इथे. आणि त्या चुकीची किंमत इथल्याच धंतोलीतल्या माणसापेक्षा गडचिरोलीहून सुमारे १७० किलोमीटर आलेला जास्त मोजतो.

“केव्हापासून?” विचारलं की उत्तर येतं, “सकाळी सहाला पाहिलं जी, तोंड वाकडं होतं.” ही सापडल्याची वेळ. आपल्याला हवी आहे माणूस शेवटचा धड दिसला ती वेळ. रात्री दहाला झोपला असेल तर घड्याळ दहापासून, म्हणजे विंडो अडीचलाच संपली. सहापासून मोजून सुई दिली तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका ओढवून घ्याल. उलटही होतं. साडेचारला उठून त्याने बैलांना चारा टाकला, मग लवंडला; नऊपर्यंत वेळ आहे आणि ‘झोपेतला लकवा’ लिहून त्याला वॉर्डात ढकललेलं असतं. म्हणून रात्र तुकड्यातुकड्याने विचारा. लघवीला उठले का? चहा कुणी दिला? सोबत आलेला असतो जावई नाहीतर शेजारी. खरं पाहिलेली सून गावीच राहते. तिला फोन लावा. म्हातारी एकटी राहत असेल तर तिच्या मोबाइलमधला शेवटचा कॉल उघडा, त्या माणसाला विचारा, बोलणं स्पष्ट होतं का.

‘विंडो गेली’ म्हणणाऱ्या सीनियरला कुठून मोजलं ते विचाराच. जो यावर चिडतो, त्याच्याकडून शिकण्यासारखं फार नसतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत गुठळी काढता येते, म्हणून अँजिओग्राफीचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या तपासणीचा, विचार सोडू नका.

वजन ‘अंदाजे ६०’ लिहू नका. मजूर बाई ४२ किलोची असते. गुठळी विरघळवणारी ती सुई म्हणजे अल्टेप्लेज, ०.९ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे तिला ३७.८, साठच्या हिशोबाने ५४ जातं. २० मिग्रॅच्या दोन व्हायल (औषधाच्या कुप्या) फोडा, विरघळवल्यावर मिलीला एक मिग्रॅ होतं: ३.८ मिली एका मिनिटात, उरलेलं ३४ मिली तासाभरात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या डोस-चार्टवर माझा काडीचा विश्वास नाही, गुणाकार स्वतः करा. त्याआधी शुगर बघा, साखर उतरलेला माणूसही अर्धांगासारखा दिसतो.

गोंडी बोलणाऱ्याला मराठी कळलं नाही म्हणून ‘कन्फ्यूज्ड’ लिहू नका. वाक्यं वाचायला न लावता किल्ली, चमचा, रुपयाचं नाणं दाखवून नाव विचारा, त्याच्या भाषेत, नातेवाइकामार्फत.

हात थरथरतील सुरुवातीला, ते चालतं. रेशनकार्डासाठी मात्र औषध थांबवू नका; जनआरोग्य योजनेची कागदपत्रं दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाशी, आरोग्यमित्राशी, बोलून मागाहून होतात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणीही पाजू देऊ नका. ‘घोटभर चहा तर दिला’ म्हणणारे नातेवाईक प्रत्येक खाटेजवळ भेटतील.