अवकाळीत चित्रांचा स्टॉल लावताय? आधी टोमॅटोचे क्रेट आणा

नाशिकला गंगापूर रोडच्या एका मैदानावर तीन दिवसांचं प्रदर्शन होतं, मोकळ्यावरचं, मार्च महिना. सकाळी ऊन इतकं की काचेवर सगळं चमकत होतं, म्हणून मी स्टॉलचं तोंड फिरवून घेतलं आणि त्यातच खूश. साडेचारला पांडवलेण्याच्या अंगाने काळं आलं, पाच वाजता टपोरे थेंब, सव्वापाचला मी तंबूचा पाय धरून उभी आणि चित्रं मागे भिजतायत. पाच जलरंग गेले त्या दिवशी. तेव्हापासून जे शिकले ते लिहून ठेवतेय. अवकाळीने इथल्या द्राक्षवाल्यांना रडवलं तर तुम्हाआम्हाला काय सोडणार आहे.

पहिली गोष्ट पैसे भरायच्या आधीची. पावसाने रद्द झालं तर भाडं परत मिळणार का, हे आयोजकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा, तोंडी नको. मी तोंडी विचारलं होतं, "बघू ना ताई" असं उत्तर मिळालं आणि नंतर कोणी काही बघितलं नाही. आदल्या दिवशी मैदानावर जाऊन उतार कुठे आहे तेही बघून या. प्रवेशाजवळचा स्टॉल सगळ्यांना हवा असतो, पण तो खोलगट जागी असेल तर अख्ख्या मैदानाचं पाणी तुमच्याकडे येतं. मला कोपऱ्यातला पण उंचावरचा चालतो.

आता क्रेट. नुकसान वरच्या पावसाने कमी होतं, खालून येणाऱ्या पाण्याने जास्त होतं, हे मला माहीतच नव्हतं. फ्रेम भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेल्या असतात, मागचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, खालून पाणी ओढतो आणि फुगतो, मग कागद ते पाणी पितो, आणि समोरून बघताना अर्धा तास काही कळतच नाही. टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट आपल्याकडे काय कमी आहेत, ओळखीच्या शेतकऱ्याकडून आठ-दहा मागून आणा आणि उलटे ठेवून त्यावर सगळं मांडा. वर एक चादर टाकली की दिसायलाही बरं दिसतं. संध्याकाळी त्याच क्रेटमध्ये माल भरून घरी.

तंबूला प्रत्येक पायाशी 20 लिटरचा पाण्याचा जार दोरीने बांधा, म्हणजे पायाला 20 किलो वजन. विटा ठेवून भागत नाही, वारा आला की तंबू उचलला जातो आणि विटा तिथेच राहतात. छतावर पाणी साचू देऊ नका. 10 बाय 10 फुटांच्या छतावर नुसतं एक सेंटीमीटर पाणी धरलं तरी 90 किलोच्या वर जातं आणि ते सगळं मधल्या खोलगट भागात येऊन बसतं. शेजारी मातीची भांडी विकणारे दादा ओरडले, "ताई, वर बघा!" तेव्हा माझ्या छताला हंड्याएवढं पोट आलं होतं. झाडूच्या उलट्या टोकाने खालून हळूच ढकलायचं, पण आधी बघा कुठल्या बाजूला सांडतंय, मी ते दादांच्या पणत्यांवर ओतलं. बिचारे काही बोलले नाहीत, म्हणून अजून जास्त लाज वाटली.

बाजूचे पडदे चारही बंद करू नका, वारं आत भरतं आणि तंबूचा फुगा होतो. ज्या बाजूने पाऊस मारतोय ती बंद, समोरची उघडी. वारा खूपच वाढला तर तंबू सोडून द्या, विजा चमकायला लागल्या तर लोखंडी पायाला हात लावून उभं राहूच नका, पक्क्या इमारतीत जा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं, फुकट आहे, टाकून ठेवा.

आणि चित्रं उतरवायला लाजू नका. मला वाटलं आभाळ आलं म्हणून लगेच आवरायला घेतलं तर लोक हसतील. जलरंग आधी काढायचे, अ‍ॅक्रिलिक शेवटी, कारण अ‍ॅक्रिलिक वाळलं की चार थेंबांनी त्याला काही होत नाही. प्रत्येक फ्रेमच्या मापाची प्लास्टिकची पिशवी घरूनच तयार न्या, ऐन वेळी ओल्या हाताने सेलोटेप निघत नाही आणि चिकटतही नाही.

विक्री होते का? होते. आडोशाला थांबलेली माणसं कुठे जाणार, तुमची चित्रंच बघत बसतात. पण टू-व्हीलरवर आलेला माणूस पावसात दोन फुटांची फ्रेम नेत नाही, तो पोस्टकार्ड नेतो, नाहीतर छोटी प्रिंट. एक काका-काकू थांबले होते, गोदावरीच्या पुराचं पाणी कुठवर आलं हे ज्यावरून बघतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलेलं माझं एक चित्र आहे, काकू म्हणाल्या, "एवढंच पाणी होय? आम्ही याहून जास्त बघितलंय." वीस मिनिटं पुराच्या गप्पा झाल्या. मी म्हटलं, आता थोडे पैसे द्या, फ्रेम परवा घरी आणून देते, आणि चित्र गेलं. ‘घरी पोच’ अशी पाटी तेव्हापासून लावते. क्यूआर कोड लॅमिनेट करा, मोबाईल पुसायला कोरडा नॅपकिन गळ्यातच अडकवा, ओल्या बोटाने स्क्रीन चालत नाही आणि गिऱ्हाईक ताटकळतं.

घरी आल्यावर कितीही दमलात तरी पिशव्यांमधून चित्रं काढा, आत दमट राहिलं तर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. काचेला आतून वाफ धरली असेल तर फ्रेम मागून उघडा. ओला कागद उन्हात नको, हेअर ड्रायर तर नकोच, दोन कोऱ्या टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर पाट आणि पाटावर जाड पुस्तकं, टीपकागद बदलत राहायचे. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते. माझ्या पाचातली दोन अशी सरळ झाली, जरा लाटा आहेत पण विकली गेली, खरं सांगून आणि कमी भावात.

तंबू गच्चीवर पसरून वाळवा आणि पाय पुसून ठेवा. मी तसाच गुंडाळून ठेवला होता, एक पाय गंजला, तो अजून हातोडी मारल्याशिवाय उघडत नाही.